मानेचं ऐकू नका

फहाहीलच्या आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही,
दिसते रिफायनरीची ज्योत.
पहिल्या उन्हाळ्यात मी नवऱ्याला विचारलं होतं,
ही विझवत का नाहीत रे कधी?
बूट काढता काढता तो म्हणाला,
जास्तीचा वायू असतो, जाळावाच लागतो,
दाबून ठेवला तर सगळंच उडेल.
मग माझ्याकडे पाहून गप्प झाला.
मी कांदा चिरत होते, आणि मान
दोनदा डावीकडे जाऊन आली होती.

शाळेत मला टिटवी म्हणायचे.
घशातून निघायचं ते हुक्, हुक्,
प्रार्थनेत, पेपरात, कुणाच्या दहाव्यालाही.
आईने मीठमोहऱ्या उतरवल्या,
मामाने कुठूनसा ताईत आणला,
आगटे बाईंनी फक्त दाराकडे बोट केलं.
आठवीचं अर्धं बीजगणित मी व्हरांड्यात शिकले,
भिंतीला कान लावून.
तिथेच कधीतरी ठरलं
की फळ्याच्या त्या बाजूला उभं राहायचं.
रागाने ठरलं. उदात्त वगैरे काही नव्हतं त्यात.

सत्ताविसाव्या वर्षी मिरजेच्या एका डॉक्टरने
या सगळ्याला नाव दिलं, टूरेट सिंड्रोम.
आई म्हणाली, नाव कळलं ना, आता जाईल.
गेलं नाही. नाव लावून राहिलं.

सालमिया, अब्बासिया, मंगाफ.
'शिक्षण उत्तमच आहे मॅडम, पण पालक...'
पणच्या पुढचं वाक्य कुणीच पुरं केलं नाही,
माझ्या खांद्याने केलं.
चौथ्या शाळेत कुरुविला सरांना
बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईंच्या जागी
कुणीतरी हवं होतं. उद्यापासून.

सातवी ब. बेचाळीस मुलं, एसीची घरघर.
जेस्विन नावाचा मुलगा उठून म्हणाला, उणे सात.
बरोबर, म्हणाले मी,
आणि मान म्हणाली, नाही, नाही, नाही.
तो खाली बसला. उत्तर खोडू लागला.
इतक्या मन लावून खोडत होता
की कागद फाटला.

मी मार्करचं टोपण लावलं.
म्हटलं, माझी मान खोटं बोलते. खांदासुद्धा.
घशात एक टिटवी आहे, ती मध्येच ओरडेल.
मी रागावलेले नाही. ही उचकी नाही,
पाणी पिऊन थांबत नाही,
माझ्याकडून तुम्हाला लागणारही नाही.
तोंड काय म्हणतं ते ऐका,
मानेचं ऐकू नका.

बराच वेळ कुणी हललं नाही.
मग मागून नौरीन: मॅम, टिटवी म्हणजे?
इंग्रजी बोलता बोलता तो एक शब्द घरचाच निसटला होता.
फळ्यावर काढून दाखवली. कोंबडीसारखी निघाली.
सगळे हसले, कोंबडीला.
थोडे मलाही असतील. चालतं.

सगळं गोड आहे असं नाही.
एका आईने पत्र लिहिलं, तिची मुलगी घरी नक्कल करते म्हणून.
पालकसभेत चार तास मी सगळं दाबून धरते,
दात, पोटऱ्या, जिभेचं मूळ,
आणि घरी येऊन न्हाणीघराचं दार लावते.
बाहेर नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.
इतकी वर्षं झाली, त्या बातम्यांबद्दल
आम्ही कधी बोललो नाही.
बाहेर येते तेव्हा मीच थरथरत असते,
आणि ज्योत तिथे, खिडकीत, उंच.

परवा कुरुविला सरांनी बोलावलं.
त्या बाई म्हणे आता कोट्टयमलाच राहणार.
'पुढच्या वर्षी थांबाल?'
हो, म्हणाले मी.
मान जोरात नाही म्हणाली, तीनदा, दाराच्या दिशेने.
सरांनी पेन खाली ठेवलं.
'घाई नाही. नीट विचार करा.'
दार उघडंच होतं. वह्यांचा गठ्ठा घेऊन
जेस्विन उंबऱ्यात उभा.
'सर,' तो म्हणाला, 'मानेचं नाही.'

सर त्याच्याकडे बघत राहिले.
मी पेनाकडे.